मदत हवी आहे: मेल नवीन खात्यात हलवले, आता फोनवर सगळ्यांना एकच तारीख!

फराळवाली_इंदूर (मंगळवार, रात्री ९:१२)

नमस्कार. कोणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा. रविवारी सगळे जुने मेल नवीन खात्यात आणले. तेव्हापासून फोनवर प्रत्येक मेलला १४ सप्टेंबर हीच तारीख दिसते. २०१३ चा मेल वर, त्याच्याखाली परवाचा, त्याच्याखाली २०२१ चा. काही ताळमेळच नाही. क्रम लावायच्या बटणावर 'नवीन आधी' करून पाहिलं, 'जुने आधी' करून पाहिलं. उलटसुलट होतं, पण सरळ होत नाही.

मी दिवाळीचा फराळ बाहेरदेशी पाठवते. आजच तीन घरांतून निरोप आलाय, "ताई, मागच्या वर्षीसारखंच पाठवा." मागच्या वर्षी काय पाठवलं ते मेलमध्येच आहे ना! भाजणी गुरुवारी दळायला द्यायची आहे. उपाय सांगा.

चौकस (९:२०)

फोन कुठला? अ‍ॅप कुठलं? मेल कुठून कुठे हलवले? आणि मुख्य म्हणजे कसे हलवले?

पुन्हा_चालू_करा (९:२३)

फोनवरून खातं काढून टाका आणि परत जोडा. माझ्या फोनवर असाच घोळ झाला होता, पाच मिनिटांत सुटला.

फराळवाली_इंदूर (९:४१)

ते आधीच करून पाहिलंय. काढलं, परत जोडलं. तासभर मेल उतरत राहिले आणि शेवटी तेच. फोन अँड्रॉइड आहे, त्यात आधीपासून असतं तेच अ‍ॅप. पत्ता आमच्या फराळाच्या नावाचा आहे. आधीच्या होस्टिंगवाल्यांनी (म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमचे मेल राहतात) भाडं दुप्पट केलं म्हणून दुसरीकडे गेलो. पत्ता तोच ठेवलाय, जागा बदलली.

जीमेलच_बरं (९:४८)

एवढा व्याप कशाला ताई? सरळ जीमेलचं खातं काढा आणि सगळ्यांना नवा पत्ता कळवा. मी २००८ पासून वापरतोय, तारखेची कधी तक्रार नाही.

दांडियाबाजार (९:५५)

@जीमेलच_बरं, बारा वर्षांचं गिऱ्हाईक त्या पत्त्यावर लिहितं. ऐन दिवाळीच्या तोंडावर पत्ता बदलायला सांगताय? आमचं बडोद्याला छापखान्याचं काम आहे. आम्ही एकदा पत्ता बदलला, तर पुढची दोन वर्षं ऑर्डरी जुन्याच पत्त्यावर जात होत्या. तो सल्ला देऊ नका.

जीमेलच_बरं (९:५८)

जुन्या पत्त्यावरून नव्याकडे फॉरवर्ड लावता येतं की.

दांडियाबाजार (१०:०१)

जुनं खातं बंदच होणार असेल तर फॉरवर्ड कुठून लावणार?

चौकस (१०:०३)

अहो, मुख्य प्रश्न राहिला. ताई, मेल *कसे* हलवले? ते कळल्याशिवाय सगळे अंधारात बाण मारत बसतील.

अक्षरशत्रू_नाही (१०:०९)

जुन्या मेलमधलं मराठी चौकटी-चौकटी दिसत असेल तर एन्कोडिंग युनिकोड म्हणजे यूटीएफ-८ करून बघा. तरीही नाही वाचता आलं तर तो मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असणार, त्याला कन्व्हर्टर लागतो. मी वडिलांचे २००३ चे सगळे मेल असेच वाचते केले. हवं असेल तर सविस्तर लिहीन.

फराळवाली_इंदूर (१०:१७)

मराठी नीट दिसतंय हो, तारखा नाही दिसत!

माझ्या भाच्याने हलवले. त्याच्या लॅपटॉपवर दोन्ही खाती शेजारी-शेजारी उघडली आणि जुन्यातले फोल्डर माउसने ओढून नव्यात टाकले. मी समोर बसले होते. दुपारी सुरू केलं ते रात्री साडेदहापर्यंत चाललं. हे महत्त्वाचं आहे का?

आणि एक सांगायचं राहिलं. त्या तीन घरांपैकी एका घरात शेंगदाणा अजिबात चालत नाही, लहान मुलाला त्रास होतो. कुठलं घर ते मला आठवत नाहीये. म्हणून एवढी घाई करतेय.

काकू_लोकमान्यनगर (१०:२२)

अगं, मग फोन करून विचार ना सरळ.

फराळवाली_इंदूर (१०:२५)

काकू, तिघींनाही मेल टाकलाय. फोन नंबर एकीचाच आहे, आणि तिच्याकडे आत्ता कामाची वेळ असते, उचलत नाहीये.

तारमास्तर (१०:३४)

ताई, माउसने ओढले हेच महत्त्वाचं. एक सांगा, भाच्याच्या लॅपटॉपवर तारखा बरोबर दिसतात का?

फराळवाली_इंदूर (१०:३९)

आत्ताच त्याला विचारलं. हो, तिथे सगळं जिथल्या तिथे! म्हणूनच मला वाटलं की फोन बिघडलाय.

तारमास्तर (१०:५८)

फोन बिघडलेला नाही आणि मेलही बिघडलेले नाहीत. प्रत्येक मेलला दोन तारखा असतात. पत्राच्या डोक्यावर लिहिणारा मिती घालतो, ती एक. ती मेलच्या आतच असते आणि कुठेही नेलं तरी बदलत नाही. दुसरी म्हणजे पाकिटावरचा टपालाचा शिक्का. मेल आपल्या पेटीत कधी पडला ते सर्व्हर स्वतःकडे वेगळं टिपून ठेवतो, त्याला इंटरनल डेट म्हणतात.

एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मेल ठेवताना हलवणाऱ्या प्रोग्रॅमने "याच्यावर शिक्का अमुक तारखेचा मार" असं सांगायचं असतं. सांगितलं तर सर्व्हर ती तारीख धरतो. नाही सांगितलं तर त्या क्षणाची तारीख टाकतो. मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीला आयमॅप म्हणतात. तिचा २००३ चा लेखी नियम आहे, आरएफसी ३५०१, त्यातच हे असं लिहिलंय. म्हणजे सर्व्हरने काही चूक केलेली नाही. भाच्याच्या प्रोग्रॅमने जुनी तारीख कळवली नाही, म्हणून तुमच्या बारा वर्षांच्या सगळ्या पत्रांवर रविवारचा शिक्का बसला. लॅपटॉप आतली मिती बघून क्रम लावतो आणि तुमचा फोन शिक्का बघून.

आजच्या रात्रीपुरता उपाय: नव्या होस्टिंगचा वेबमेल फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा. तो राउंडक्यूब नावाचा वेबमेल असेल तर यादीच्या वर ऑप्शन्स असतात. तिथे क्रमासाठी 'अरायव्हल डेट' आणि 'सेंट डेट' असे दोन वेगळे पर्याय आहेत. 'सेंट डेट' निवडा.

कायमचा उपाय वेगळा आहे. त्यासाठी सांगा, जुनं खातं अजून चालू आहे का? आणि ओढल्यावर मेल तिथेही राहिले की तिथून गेले?

नियमाप्रमाणे (११:०६)

तारमास्तरांशी एका बाबतीत सहमत नाही. चूक फोनच्या अ‍ॅपचीच आहे. लोकांना मेल कधी लिहिला ते हवं असतं, कुठल्या पेटीत कधी पडला ते नाही. अ‍ॅपने आतली तारीखच दाखवायला हवी.

तारमास्तर (११:१४)

आतली तारीख पाठवणाऱ्याचं मशीन लिहितं, आणि ते काहीही लिहू शकतं. कोणाचं घड्याळ चुकीचं असतं. कचरा मेल पाठवणारे मुद्दाम पुढची तारीख टाकतात, म्हणजे त्यांचा मेल कायम सगळ्यात वर राहावा. शिक्का आपला सर्व्हर मारतो, म्हणून अ‍ॅपवाले त्याच्यावर भरवसा ठेवतात. रोजच्या टपालाला तेच बरं. स्थलांतर केलं की मात्र अडचण होते.

नियमाप्रमाणे (११:१७)

मग निदान दोन्ही पर्याय द्यावेत. वेबमेलमध्ये आहेत तर अ‍ॅपमध्ये का नाहीत?

तारमास्तर (११:१९)

ते मान्य. द्यायलाच हवेत.

काकू_लोकमान्यनगर (११:२६)

मी चाळीस वर्षं मसाल्यांचा धंदा केला, सगळं लाल कापडी वहीत. एका गिऱ्हाइकाला एक पान. डावीकडे साल, उजवीकडे काय दिलं ते, आणि काही पथ्य असेल तर नावाशेजारीच लाल शाईने. माझं ऐक, मेल सापडले तरी या वर्षी वही घाल. पोराच्या जिवाचा प्रश्न फोनवर सोडायचा नसतो.

आणि भाजणीत तांदळाला हरभरा डाळ निम्मी घेतेस ना? परदेशी जाणारी चकली मऊ पडायला नको.

रामबागची (११:३१)

काकू, निम्मीच, पण उडीद डाळ जास्त झाली की चकली कडक होते. आम्ही चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभरा डाळ, उडीद आणि मूग एक-एक वाटी. धणे-जिरे वेगळे भाजायचे. फराळवाली ताई, तुम्ही धान्य सियागंजातून घेता का? यंदा भाव काय लागला?

काकू_लोकमान्यनगर (११:३५)

मूग थोडा कमी चालेल. मोहन किती घालता?

चौकस (११:४०)

अवांतर थांबवू या का? ताईंनी अजून जुन्या खात्याचं उत्तर दिलेलं नाही.

फराळवाली_इंदूर (बुधवार, सकाळी ६:५०)

रात्री झोप लागली नाही. सकाळी परत फोन बघितला, तसंच आहे. वर आता 'जागा भरली' असंही यायला लागलंय, पण तो वेगळा प्रश्न, त्याचं नंतर बघेन. तारखांचं कोणी सांगेल का?

चौकस (७:०५)

ताई, काल १०:५८ चा तारमास्तरांचा प्रतिसाद पूर्ण वाचा. वेबमेल उघडून बघितलंत का?

तारमास्तर (७:१२)

आणि जागा भरली तो वेगळा प्रश्न नाही, हाच आहे! अ‍ॅपमध्ये 'शेवटचे ३० दिवस' असं ठेवलेलं आहे ना? तसं असेल तर अ‍ॅप सर्व्हरला विचारतं, अमुक तारखेपासूनचे मेल दे. सर्व्हर तेव्हा शिक्का बघतो. तुमचे सगळेच मेल रविवारचे ठरले, म्हणून बारा वर्षांचे मेल फोनवर उतरताहेत. खातं परत जोडल्यावर तासभर लागला तो त्याचसाठी.

फराळवाली_इंदूर (७:४४)

माफ करा, रात्री तो प्रतिसाद चकल्यांच्या चर्चेत वर निघून गेला, मी वाचलाच नव्हता.

३० दिवसच ठेवलेलं आहे. वेबमेल उघडला, राउंडक्यूबच आहे. 'सेंट डेट' केलं आणि सगळं ओळीत आलं!! कढई बाजूला ठेवून, पिठाच्या हातानेच मागच्या सप्टेंबरपर्यंत गेले. सापडला. शेंगदाण्याचं घर सिएटलचं. "चिवडा बिनशेंगदाण्याचा, आणि लाडवातही दाण्याचं कूट नको, नातवाला चालत नाही." मी तर टोरांटोचं घर धरून चालले होते. तारमास्तर, तुमचे कसे आभार मानू कळत नाही.

काकू, पहिलं पान सिएटलचं घातलं. लाल शाईने.

जुनं खातं ३० तारखेपर्यंत चालू आहे. तिथे ११,२४० मेल अजून तसेच दिसतात. आता कायमचं सांगा, मला फोनवरच लागतात. स्वयंपाकघरात लॅपटॉप कुठे ठेवू?

तारमास्तर (८:३०)

जुने मेल शाबूत आहेत, म्हणजे अवघड भाग टळला. एकदा पडलेला शिक्का आयमॅपमध्ये बदलता येत नाही, मेल नव्याने ठेवावा लागतो. त्यासाठी आयमॅपसिंक नावाचा प्रोग्रॅम आहे. तो सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल नेतो आणि जुनी तारीख सोबत कळवतो. ते त्यात आपोआप चालू असतं. भाच्याला जमेल. आधी 'ड्राय' पर्याय लावून चालवायला सांगा, त्यात काही न हलवता काय होणार तेवढं दिसतं. आणि पहिल्यांदा एकच छोटा फोल्डर घ्या.

एक धोका आहे. नव्या खात्यात तोच मेल आधीपासून असेल तर आयमॅपसिंक तो सोडून पुढे जातो. म्हणून ज्या फोल्डरचं काम करायचं, त्यातल्या रविवारी आणलेल्या प्रती आधी काढून टाकाव्या लागतील.

दांडियाबाजार (८:४१)

थांबा थांबा. रविवारनंतर आलेले *नवीन* मेल जुन्या सर्व्हरवर नाहीत! सरसकट काढून टाकलं तर कालच्या तिन्ही ऑर्डरी जातील.

तारमास्तर (८:४६)

अगदी बरोबर, ते लिहायचं माझ्याकडून राहिलं. रविवारनंतरचे मेल आधी नव्या खात्यातच एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. त्याच खात्यात हलवताना सर्व्हर शिक्का तसाच ठेवतो. मग जुन्या-नव्या खात्यातल्या मेलची मोजणी जुळवा आणि त्यानंतरच प्रती काढून टाका.

पुन्हा_चालू_करा (८:५२)

आणि सगळं झाल्यावर फोनवरून खातं काढून परत जोडायचं. 😀 या वेळी मात्र ते खरंच लागेल. अ‍ॅपने जुनी यादी आपल्याकडे साठवलेली असते.

चौकस (८:५५)

काढण्याआधी खातं आयमॅपच आहे ना ते सेटिंगमध्ये बघा. पॉप (मेल फोनवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) असेल तर फोनवर उतरलेले मेल सर्व्हरवर असतीलच असं नाही.

फराळवाली_इंदूर (गुरुवार, रात्री ८:१५)

खातं आयमॅपच आहे. भाचा दुपारी आला. नवीन २३ मेल बाजूला काढले, मग 'दिवाळी २०१९' एवढाच फोल्डर केला, १८६ मेल. आधी ड्राय, मग खरं. फोनवर खातं परत जोडलं आणि १८६ च्या १८६ आपापल्या तारखेला! पहिला मेल ३ ऑक्टोबर २०१९, अनारसे पन्नास, न्यू जर्सी.

बाकीचे फोल्डर तो शनिवारी करणार, इनबॉक्स सगळ्यात शेवटी. रामबागची, धान्य सियागंजातूनच घेते, भाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. भाजणी दळायला दिली, अकरा किलो.