ओमाहा हाय-लो: बेस्ट लो असूनही पाव पॉटच कसा मिळाला?

दादरचा_पत्तेवाला:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत शनिवारी रात्री पत्ते असतात, पैसे नाही फक्त चिप्स, आधी तीन पत्ती चालायची मग पोकरमधलं होल्डेम आलं आणि आता एक मित्र पोकरचाच दुसरा प्रकार, ओमाहा हाय-लो, घेऊन आलाय. चार पत्ते हातात, पाच मधे उघडे, अर्धा पॉट (मधे जमलेल्या चिप्स) मोठ्या हाताला म्हणजे हायला, अर्धा छोट्याला म्हणजे लोला, इथवर कळलं. पण परवा माझ्याकडे एक्का दुर्री आणि दोन राण्या, मधे तिर्री सत्ती अठ्ठी गुलाम राजा, फ्लश (एकाच रंगाचे पाच) कोणाचाच नाही. शेवटी दोघंच उरलो, पॉट ४०० चा, त्यात माझे २००. समोर एक्का दुर्री दोन राजे. मला मिळाले १००. असं का? आणि लोकांना यात एवढं काय आवडतं? मनापासून शिकायचंय.

किलवर_सत्ती:
हिशोब बरोबर आहे रे. हाय त्याचा, तीन राजे. लो दोघांचा सेम, अठ्ठी सत्ती तिर्री दुर्री एक्का, म्हणून लोचे २०० दोघांत वाटले. याला क्वार्टर होणं म्हणतात आणि हे एक्का-दुर्रीवालेच जास्त होतात, कारण तो जोड सगळेच धरून बसतात. दोघंच असताना फक्त लोसाठी पॉट वाढवत नेऊ नको, लो एकट्याने जिंकलास तरी टाकलेले तेवढेच परत येतात आणि वाटला गेला तर निम्मे जातात.

लो वाचायची सोपी रीत सांगतो, मोठ्या पत्त्यापासून सुरू करून पाच आकडी संख्या म्हणून वाच. ८४३२१ आणि ७६५४३ मध्ये ७६५४३ जिंकतो कारण संख्या लहान. पाचही पत्ते वेगळे आणि अठ्ठी किंवा त्याखालचे हवेत, एक्का एक धरायचा. स्ट्रेट (ओळीने पाच) आणि फ्लश लोमध्ये मोजत नाहीत, म्हणून ५४३२१ सगळ्यात भारी लो आणि वरून हायला तीच स्ट्रेट.

दादरचा_पत्तेवाला:
म्हणजे तीन पत्ती आणि मुफलिस (छोटा हात जिंकतो ती तीन पत्ती) एकदम चालू! पण माझ्याकडे एक्का दुर्री तिर्री चौकी असताना मधे पंजी अठ्ठी आणि तीन चित्रं होती, तरी म्हणाले लो नाही.

वसई_फास्ट:
कारण हातातले बरोबर दोन आणि मधले बरोबर तीन, हाय असो की लो, यात सूट नाही. मधे अठ्ठीपर्यंतचे तीन वेगळे पत्ते आले नाहीत तर लो कोणाचाच नसतो, सगळा पॉट हायला. हायसाठी हातातले एक दोन पत्ते वापर, लोसाठी दुसरे दोन, ते चालतं.

आणि एक्का-दुर्रीसोबत तिसरा छोटा पत्ता असला तर जीव टाक त्याच्यावर. समज मधे तिर्री सत्ती अठ्ठी आहे आणि शेवटी दुर्रीच पडली. तुझा लो ८७३२१ वरच अडकला आणि एक्का-चौकीवाल्याचा झाला ७४३२१. तुझ्याकडेही चौकी असती तर वाचला असतास. म्हणून एक्का एक्का दुर्री तिर्री, दोन रंग जुळलेले, ही सुरुवातीची सगळ्यात भारी पानं. सहा-सात-आठ-नऊ दिसायला छान पण इथे फसवी, टाकून दे.

इस्पिक_राणी_ठाणे:
आवडण्याचं म्हणशील तर स्कूप, म्हणजे हाय-लो दोन्ही आपलेच. एकदा ते झालं की अर्ध्या पॉटसाठी खेळावंसंच वाटत नाही, पत्ते उचलले की डोळे आधी दोन्हीकडे चालणारे हात शोधतात. होल्डेममध्ये जो एक्का-तिर्री आपण सहज फेकतो तो इथे सोबतचे दोन पत्ते बघून जपून ठेवावा लागतो, आणि प्रत्येक उघडणाऱ्या पत्त्याला दोन हिशोब पुन्हा मांडायचे. मला हे फार म्हणजे फार आवडतं.

हा जमला की स्टड हाय-लो बघ, तिथे मधे काही नसतं, प्रत्येकाला सात पत्ते आणि त्यातले चार सगळ्यांना दिसतात, त्यामुळे समोरचा हायला चाललाय की लोला ते वाचता येतं. होर्स नावाच्या मिक्स गेममध्ये पाच खेळ आळीपाळीने खेळतात, त्यांत हे दोन्ही आहेत. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २००६ साली ५०,००० डॉलर एंट्रीची होर्स झाली, ती चिप रीसने जिंकली.

ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या भानगडीत पडू नको, २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने ते बंद आहे. तुमचा शनिवारचाच ग्रुप बेस्ट.

दादरचा_पत्तेवाला:
सगळ्यांचे आभार! एकच राहिलं, पॉटचे दोन सारखे भाग नाही झाले तर उरलेली एक चिप कोणाची?

किलवर_सत्ती:
हायवाल्याची.