ऊसतोड बायांच्या मागण्या विधिमंडळात पोचवायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या एका गटासोबत काम करते. पावसाळी अधिवेशनाआधी आमदारांना भेटायचं ठरलंय. विधिमंडळाचं कामकाज जवळून पाहिलेलं कुणी इथे असेल तर मार्गदर्शन करा.

पावसाळीच धरलंय, कारण नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं आणि तेव्हा बाया सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायच्या फडावर असतात. अर्थसंकल्पाच्या वेळीही बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला नसतो. ज्यांचं दुखणं आहे त्यांनीच समोर बसून बोलावं, असा आमचा आग्रह आहे.

२०१९ मध्ये ऊसतोड बायांची पिशवी (गर्भाशय) काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ बायांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढे खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनाआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ते गरजेचंच होतं. पण बाई ऑपरेशनला तयार का होते, याचं उत्तर फडात आहे. पहाटेपासून तोडायचं, बांधायचं, आणि रात्री गाडी येईल तेव्हा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं. राहायच्या कोपीजवळ (झोपडीजवळ) ना संडास ना न्हाणी. पाळीचा कपडा मिळेल त्या पाण्यात धुवायचा आणि कुणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या लुगड्याखाली वाळत घालायचा, तो नीट वाळतही नाही. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, तरी दवाखाना टाळतात, कारण एक दिवस गेला की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीवर, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेवर चढतात.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. मुक्कामाच्या अड्ड्यावर पाणी, संडास, न्हाणी. पाळीत आणि आजारपणात खाडा नको. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे बाईची स्वतंत्र नोंद. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर-जोडी धरतात, उचल आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे कागदावर ती कामगारच नसते. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराचे), मुकादम म्हणतो सोयी कारखान्याने कराव्यात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, पण बाईच्या नावाने नोंद नसेल तर तिच्यापर्यंत काय पोचणार?

आता अडचण सांगते. निवेदनं आधीही दिली आहेत. ती घेतली जातात, फोटो निघतो, पुढे काही कळत नाही. या वेळी सभागृहात मंत्र्यांचं उत्तर नोंदलं जावं असं वाटतं. त्यासाठी तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो) बरा की लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना)? विषय कामगार, आरोग्य, सामाजिक न्याय आणि सहकार अशा चार खात्यांत विखुरलाय, मग सूचना कोणत्या मंत्र्यांना उद्देशून लिहायची? लोकांचे अर्ज ऐकणाऱ्या विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज केल्याचा कुणाला अनुभव आहे का? आणि आपल्या आमदारांइतकंच, कारखाने ज्यांच्या मतदारसंघात आहेत त्या आमदारांकडेही जावं का?

लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दलही विचारायचंय. २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, पण ती समिती फड असलेल्या जिल्ह्यातली. बाई गावी परतल्यावर तक्रार करणार असेल तर बीडमध्येच ती नोंदवून पुढे पाठवण्याची सोय मागता येईल का?

शेवटचं, आणि याची मला सगळ्यांत जास्त काळजी आहे. पावसाळ्यातच पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू होतात. आमदारांसमोर बोललेल्या बाईला मुकादमाने उचल नाकारली तर अख्खं घर अडकतं. तिचं नाव-गाव बाहेर न येता तिचं म्हणणं समितीपुढे किंवा आमदारांपुढे अधिकृतपणे नोंदवायची काही रीत आहे का? लक्षवेधीचा एखादा नमुना मसुदा असेल तर तोही कृपया इथे टाका.