एकसारखे दिसणारे कारखाने एकाच प्रजातीचे मानावेत का?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)
फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर) मशीनिंगचे जॉबवर्क करणारे आमचे छोटे वर्कशॉप आहे. आजूबाजूच्या शेडमध्येही तशीच सीएनसी (संगणकाने चालणारी) यंत्रे असल्यामुळे दर ठरवताना त्या सर्वांना प्रतिस्पर्धी धरावे, असा माझ्या भागीदाराचा आग्रह आहे. जीवशास्त्रात मात्र केवळ रूपावरून प्रजाती ठरत नाही, असे वाचले. तो विचार धंद्याला कितपत लागू पडतो?

उत्तर (खानापूर, जीवशास्त्राचा शिक्षक)
जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ मधील व्याख्येनुसार, ज्या समूहांत निसर्गतः परस्पर प्रजनन होते आणि जे इतर समूहांपासून त्या बाबतीत अलग राहतात, त्यांची मिळून एक प्रजाती होते. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मते, पण ते जवळजवळ नेहमीच वंध्य असते, म्हणून त्या दोन वेगळ्या प्रजाती ठरतात. २०१४ साली आपल्याच पश्चिम घाटातून नाचणाऱ्या बेडकांच्या १४ नव्या प्रजाती नोंदवल्या गेल्या. दिसायला इतके सारखे असलेले हे बेडूक वेगळे ओळखण्यासाठी डीएनएचा आधार घ्यावा लागला. तेव्हा यंत्रे सारखी आहेत का, हे पाहण्यापेक्षा आपले गिऱ्हाईक तेच ड्रॉइंग घेऊन शेजारच्या शेडमध्ये जाऊ शकते का, हे पाहावे.

उत्तर (वडगाव, साडीचा व्यवसाय)
सरांचा शेवटचा प्रश्न अगदी योग्य आहे; परंतु त्याचे उत्तर प्रजातीच्या व्याख्येतून मिळत नाही, असे मला वाटते. रशियन जीवशास्त्रज्ञ गाउझे यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या ऑरेलिया आणि कॉडेटम या दोन वेगळ्या प्रजाती एकाच खाद्यावर वाढवल्या, तेव्हा ऑरेलिया टिकली आणि कॉडेटम नाहीशी झाली. तीच कॉडेटम बुर्सारिया या तिसऱ्या प्रजातीबरोबर मात्र टिकली, कारण बुर्सारिया तळाशी असलेले खाद्य घेत होती. म्हणजे स्पर्धा ठरते ती खाद्यावरून. आमच्याकडे एकाच व्यापाऱ्यासाठी एकाच वाणाची साडी विणणारे दोन माग एकमेकांचा दर पाडतात. शेजारचा तिसरा माग वेगळ्या बाजारपेठेसाठी विणत असेल, तर त्याची झळ त्यांना फारशी लागत नाही. आपण पंपाचे भाग करत असाल आणि शेजारी ट्रॅक्टरचे, तर आज त्यांच्या दराकडे पाहून आपला दर उतरवण्याचे कारण नाही.

उत्तर (निपाणी)
वरील उत्तरातील ‘आज’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मायर यांची व्याख्या जीवाणूंना नीट लागू पडत नाही, कारण त्यांचे प्रजनन विभाजनाने होते आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण प्लाझ्मिडवाटे (डीएनएच्या छोट्या, सुट्या कड्यांवाटे) एका प्रजातीतून दुसरीत जाऊ शकतो. वर्कशॉपचेही तसेच आहे. अनुभवी सेटर (यंत्रावर काम लावून देणारा कारागीर) नोकरी बदलतो, तेव्हा फिक्श्चर (काम घट्ट धरून ठेवणारी चौकट) कसे बांधावे याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते आणि ट्रॅक्टरचे काम करणारी शेड काही महिन्यांत पंपाच्या कामाचे कोटेशन देऊ लागते. म्हणून भागीदाराशी दरांविषयी बोलताना, आपले अवघड काम नेमक्या कोणाच्या हातात आहे आणि त्याला टिकवून ठेवण्यासाठी काय देता येईल, यावरही बोलावे.