जुन्या डब्बा टीव्हीला नवा प्लेअर घ्यायचा आहे: डीव्हीडी की ब्लू-रे?

नमस्कार मंडळी. आम्ही वडसा-ब्रह्मपुरी भागातले. घरी २१ इंची पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आहे. मागे एव्हीची तीन भोकं (पिवळं, पांढरं, लाल) आणि अँटेनाचं एक. एचडीएमआय नाही. टीव्ही ठणठणीत आहे, त्यामुळे ‘नवीन एलईडीच घ्या’ हा सल्ला कृपया नको. बाबा ऐकणार नाहीत.

अडचण प्लेअरची आहे. डीव्हीडी व्यवस्थित चालते, पण व्हीसीडी (सीडीवर भरलेला व्हिडिओ) टाकली की नुसती गरगरते आणि ‘नो डिस्क’ येतं. लेन्स पुसून झाली. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) प्लेअर घ्या, त्यात सगळंच चालते.

आमचा खरा जीव व्हीसीडीतच आहे. ताईचं लग्न, आणि मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावात झालेलं झाडीपट्टीचं नाटक. बाबा त्यात पेटीवर आहेत. नाटक रात्रभराचं आणि एका व्हीसीडीत मावतात जेमतेम ७४ ते ८० मिनिटं, म्हणून डिस्कची चळतच आहे. दुकानदाराचं ऐकावं का?

प्रतिसाद
भाऊ, ब्लू-रेच्या नादी लागू नका. २०१३ नंतर बनलेल्या प्लेअरना ब्लू-रे डिस्कचं चित्र एव्हीच्या तारेतून बाहेर द्यायची परवानगीच नाही, म्हणून नव्या यंत्रांना बहुधा नुसतं एचडीएमआय असते. शिवाय तुमचा टीव्ही दाखवणार ५७६ रेषा, म्हणजे डीव्हीडीइतकंच. आणि बरेच ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत! साधा डीव्हीडी प्लेअर पाहा. मागे एव्ही आउट, पुढे यूएसबी आणि खोक्यावर व्हीसीडीचा उल्लेख, एवढं असलं की झालं.

प्रतिसाद
वरच्यांशी सहमत, पण पैसे काढण्याआधी दोष कुठे आहे ते बघा. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, सीडी-व्हीसीडीला ७८० चा, डोळ्याला न दिसणारा. एकाच हेडमध्ये दोन्ही असतात आणि एक थकला तरी दुसरा चालू राहतो. दुकानातून विकत घेतलेली, छापील चांदी रंगाची एखादी गाण्यांची व्हीसीडी टाकून पाहा. ती चालली तर लेझर बरा आहे, तुमच्या घरगुती डिस्क खराब झाल्यात. त्या कोऱ्या सीडीवर ‘बर्न’ केलेल्या असतात, त्यातला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने उडतो. टिनाच्या छपराखाली ब्रह्मपुरीचा मे महिना कोणत्या डिस्कला सोसेल?

प्रतिसाद
नुसतं एचडीएमआयवालंच यंत्र मिळालं आणि ते तुमच्या टीव्हीला जोडायला कन्व्हर्टर घ्यायची वेळ आलीच तर ‘एचडीएमआय टू एव्ही’ डबी मागा. अगदी तशीच दिसणारी उलट्या कामाचीही मिळते, तेव्हा ‘इनपुट’ कुठे लिहिलंय ते वाचूनच घ्या. डबीला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यावे लागतात. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला तीन पिना अशी नुसती तार विकतात, ती घेऊ नका. आत सर्किटच नसल्यामुळे चित्र येत नाही. चित्र काळंपांढरं आलं तर डबीवरचं बटण ‘पाल’वर (PAL, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) करा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. शेजारच्या काकांकडून छापील व्हीसीडी आणून लावली, तिलाही ‘नो डिस्क’च. म्हणजे लेझरच गेलेला दिसतो. डिस्क वाचल्या म्हणायच्या!

प्रतिसाद
मग डिस्क अजून वाचताहेत तोवर उतरवून घ्या. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये टाकल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर दिसेल. त्यातल्या .डॅट फायली कॉपी करून नावाचं शेपूट .एमपीजी करा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालतात आणि यूएसबीवाल्या बऱ्याच डीव्हीडी प्लेअरमध्येही. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यात बसत नाही, पण व्हीसीडीची तेवढी होतच नाही.

धागाकर्ता
हे जमण्यासारखं आहे. तालुक्यात सीडी ड्राइव्हवाला जुना कॉम्प्युटर एका झेरॉक्सवाल्याकडे पाहिलाय, उद्या त्यालाच विचारतो. एक शेवटचं: काही डिस्कवर चरे आहेत, कॉपी मध्येच अडकली तर पुढचा भाग वाचवता येतो का?