फ्रँचायजीवाल्यांनी संघटना काढली तर कंपनी करार तोडू शकते का?

दारव्हा_कुरिअर: भाऊ, माझी कुरिअरची फ्रँचायजी आहे. गिऱ्हाइकानं पार्सल घेतलं नाही की कंपनी आमच्याच कमिशनातून कापते, गेल्या महिन्यात पत्ता चुकीचा कंपनीच्या लेबलवर अन् पैसे माझे गेले. आम्ही अकरा जण संघटना काढा म्हणतो, पण एकाले फोन आला, करार वाचून घ्या म्हणे. ३० दिवसाच्या नोटिशीवर बंद करता येते असं लिहून आहे त्यात.

वणीवाला: खरा धोका त्या नोटिशीचाच आहे. राज्यघटनेच्या कलम १९ चा संघटनेचा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, खाजगी कंपनी कारण न सांगता नोटीस देते अन् आपण बसतो पाहत. फ्रँचायजीसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, जे आहे ते करारात. गुप्ततेचं कलम अन् लवाद (कोर्टाबाहेर वाद सोडवणं) कुठल्या शहरात ते आधी पहा. संघटनेच्या नावात कंपनीचं नाव टाकू नका, ट्रेडमार्कची केस होते.

पुसद_ताई: अन् दादा, सगळे मिळून एकच रेट ठरवू असं ग्रुपवर चुकूनही लिहू नका. स्पर्धा कायदा २००२, कलम ३, संघटनेलेही लागते, दंड पदाधिकाऱ्यांवरही येऊ शकते. कापलेल्या पैशाचा हिशोब एकत्र मागा, त्यात काही गैर नाही.

दारव्हा_कुरिअर: ताई, तो मेसेज मीच टाकला होता, आता उडवू का?

पुसद_ताई: उडवू नका, तसं करायचं नाही असं त्याच ग्रुपवर लिहा अन् करार घेऊन वकिलाकडं जा. संघटनेच्या नोंदणीले १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात ७ जण पुरतात.