निदानाचा विचार आपोआप येत नाही

आधी पुस्तकी ज्ञान पक्के होऊ द्यावे, निदानाची विचारपद्धती इंटर्नशिपमध्ये आपोआप अंगवळणी पडते, असे वैद्यकीय शिक्षणाबद्दल म्हटले जाते; या मताशी मी सहमत नाही. आपोआप अंगवळणी पडते ती तपासण्यांची यादी लिहिण्याची सवय.

बेळगावच्या वॉर्डात पावसाळ्यानंतर खानापूर किंवा चंदगडकडचा शेतकरी आठवडाभराचा ताप घेऊन येतो, तेव्हा मी विद्यार्थ्याला संपूर्ण केस एकदम वाचू देत नाही. वय, गाव, काम आणि तापाचे दिवस एवढे सांगून झाले की त्याला थांबवून, कोणत्या शक्यता मनात आल्या आणि त्यांपैकी कोणती हुकल्यास रुग्णाच्या जिवावर बेतेल, हे विचारतो. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड ही नावे लगेच येतात. स्क्रब टायफसचे, म्हणजे चिगर या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे, नाव क्वचितच येते, आणि ज्याच्या मनात ते आलेले नसते तो काखेत, जांघेत किंवा कमरेभोवती चिगर चावल्याची काळी खपली शोधत नाही. ती सहसा दुखत नसल्यामुळे रुग्णही आपणहून दाखवत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाने हा आजार हटत नाही, डॉक्सिसायक्लिन या दुसऱ्या प्रतिजैविकाने मात्र बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच रुग्णांशी संबंध येतो, ही चांगली सोय आहे (लॉगबुकवरील सहीपुरती ती उरू नये, एवढेच). कन्नड न येणाऱ्या विद्यार्थ्याने नातेवाइकाने सांगितलेला सारांशच रुग्णाचा इतिहास म्हणून लिहिणे मात्र थांबले पाहिजे, कारण ताप नेमका कधीपासून, याचे उत्तर दुभाष्याच्या तोंडी हमखास मोघम होते.