न विचारता दिलेली साक्ष ही साक्ष, की आगाऊपणा?

सांगलीचा दिवाणजी
मार्केट यार्डात एका अडत दुकानात शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करतो. हळदीचा सौदा झाला की पोती काट्यावर चढतात, एकूण वजनातून बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं वजन, वजा होतं, मग हमाली-तोलाई, आणि उरेल त्याची पट्टी शेतकऱ्याच्या हातात. रिकामं पोतं तोललं तर किलोच्या बरंच आत भरतं, पण सरसकट किलो धरायची सवय काही ठिकाणी आहे. ऐकायला क्षुल्लक वाटतं. चाळीस पोत्यांवर करून बघा. आमच्याकडे मालकांशी बोलून मी बारदान तोलूनच धरतो.

परवा कडेगाव भागातल्या एका शेतकऱ्यानं पट्टी दोनदा वाचली आणि विचारलं, "दिवाणजी, बारदान कमी कसं काय?" मी म्हणालो, "मी येशूला मानतो. खोटं माप त्याला चालत नाही." तो बरं म्हणाला, पट्टी खिशात घातली आणि चहा प्यायला गेला.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ही गोष्ट कळल्यावर कौतुक झालं, आणि लगेच पुढचं काम आलं: रविवारी एसटी स्टँडवर येशूबद्दलच्या पत्रिका वाटायला या. मी नाही म्हणालो. बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि तेही सौम्यतेनं. विचारणाऱ्याला! गाडी पकडायला धावणाऱ्यानं मला काय विचारलंय? साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेबद्दल दुसऱ्याला सांगणं, याबद्दल माझं मत असं की आधी लोकांनी विचारावं असं वागा. विचारलं तर लाजू नका. नाही विचारलं तर गप्प बसा. तुमचं काय?

कृष्णाकाठचा पाळक
दिवाणजी, अर्धाच शास्त्रभाग घेतलात. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल विचारतो, घोषणा करणाऱ्यावाचून ते ऐकतील कसे? त्या शेतकऱ्यानं विचारलं म्हणून ठीक. न विचारता गेला असता तर "मालक देवमाणूस आहे" एवढंच घरी सांगितलं असतं. चांगल्या वागण्याचं श्रेय जवळ उभा असेल त्याला मिळतं.

आणि एक गंमत बघा. उसाचा दर, आमदार, क्रिकेट, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न, या सगळ्यावर आपण न विचारता तास तासभर बोलतो. येशूचं नाव घ्यायची वेळ आली की तेवढे आपण सभ्य होतो.

वाळव्याचा माळकरी
राग नाही, पण बोलतो. बारदान खरं धरायला येशूच लागतो का? माझा चुलता यार्डात तोलाईदार होता. गळ्यात माळ, एकादशीला उपास, आणि काट्याला कधी बोट लावलं नाही. त्याला कुणी विचारलं तर "माप ते माप" म्हणायचा, पुढं काही नाही. तुम्ही "माझ्या देवाला चालत नाही" म्हणालात, त्यात बाकीच्यांच्या देवाला चालतं असं न बोलता निघतं की हो!

बाकी दुकानाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमची हळद फाल्गुनात निघते.

सांगलीचा दिवाणजी
@माळकरी, व्यनि केलाय. तुमच्या चुलत्यांसारखी माणसं मी यार्डात रोज बघतो, तेव्हा तसं म्हणायचं नव्हतंच. पण त्यानं कारण विचारलं आणि माझं कारण ते आहे. दुसरं काही सांगितलं असतं तर तेच खोटं माप झालं असतं.

तर्ककठोर
सौजन्य पुरे. सेवा, प्रामाणिकपणा, दवाखाने, शाळा हे सगळं गळाला लावलेलं आमिष. घटनेच्या 25व्या कलमात प्रसाराचा हक्क आहे, मान्य. पण 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं मांडणं; दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही.

विश्रामबागची सिस्टर
@तर्ककठोर, दिवाणजींनी कुणाचं धर्मांतर केलं? पट्टी केली.

पण तुमच्या म्हणण्यातला एक भाग मी सोडणार नाही, कारण आयुष्य वॉर्डात काढलंय. मिशनरी डॉक्टर वानलेस 1889 साली भारतात आले, 1894 ला मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. तिथं औषधही होतं आणि उपदेशही. लोकांनी काय लक्षात ठेवलं ते सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत कुणालाही विचारा, डॉक्टरच सांगतील. तरीही मला स्वतःला एक गोष्ट खटकायची. ऑपरेशनला न्यायच्या आधी पेशंटजवळ प्रार्थना करतात. पेशंट आडवा, हाताला सलाइन, अंगात हिरवा गाऊन. तो काय "नको" म्हणणार? म्हणून मी आधी बाहेर जाऊन नातेवाइकांना विचारायची. कुणी हात जोडायचे, कुणी "नको, सिस्टर" म्हणायचे, आणि नको म्हणणाऱ्याच्या पेशंटची उशी मी दोनदा नीट करायची, त्यांना वाटू नये की आता हयगय होईल. एकदा एक चाची म्हणाल्या, "करा, पण दर्ग्यातला धागा आधी मी बांधते." बांधला त्यांनी. मग मी प्रार्थना केली आणि त्यांनी आमीन म्हटलं.

तेव्हा प्रश्न बोलायचं की नाही हा नाहीच. समोरच्याला उठून जाता येतंय का, ते आधी बघा. एसटी स्टँडवर पत्रिका नाकारून माणूस चालू पडतो. वॉर्डात, वर्गात, आणि मालकानं नोकराशी बोलताना तसं होत नाही.

कृष्णाकाठचा पाळक
सिस्टर, हे मान्य. पत्रिकेवर मात्र मी ठाम आहे, आणि ती तुम्हीच सोडवून दिलीत.

अजिंक्यतारा
साताऱ्याचं कुणीच काढलं नाही म्हणून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात आले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही येशूभक्त त्यात एकत्र, अशी कल्पना. 1919 ला ते गेले, दरबार फार वाढला नाही. पण त्यांची भजनं आजही उपासनेत टाळ-मृदंगावर म्हणतात. ते बोलले, भरपूर बोलले, पण कीर्तनातून आणि अभंगातून, इथल्या कानाला सवय होती त्या चालीत. मला दिवाणजी आणि पाळक दोघांचंही अपुरं वाटतं. वागा की बोला यावर वाद चाललाय. कुठल्या सुरात बोलायचं हे कुणी बघतच नाही. माईक लावून ओरडणाऱ्यांमुळे आम्हा साध्या ख्रिस्ती लोकांना गल्लीत मान खाली घालावी लागते.

नाव नको
तुम्हा सगळ्यांना बोलायचं की नाही हे ठरवता तरी येतं. माझं सांगतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. म्हणजे देव बदलला की जातीचा दाखला गेला; गावात वागवतात मात्र पूर्वीसारखंच. आमच्या घरात तीन पिढ्या प्रार्थना आहे, कागदावर नाही. ऑफिसात मी येशूचं नाव काढलं की उद्या कुणीतरी तक्रारीचा अर्ज टाकणार. माझ्या टेबलावर फाइल अडत नाही, चहापाण्याला मी पैसे घेत नाही. एवढंच करू शकतो. पाळकसाहेब, ही साक्ष धरणार का?

कृष्णाकाठचा पाळक
भाऊ, कायदा अन्यायाचा आहे, त्याविरुद्ध मीही मोर्च्यात चाललोय. पण विचारलंत म्हणून सांगतो: फाइल न अडवणं ही साक्ष. कागदावरचं लपवणं ही नाही. दोन्ही एका माणसात असू शकतं.

विश्रामबागची सिस्टर
पाळकसाहेब, आपला पगार मंडळी देते. त्यांचा दाखल्यावर आहे. आपण दोघांनी त्यांना हे सांगू नये.

तर्ककठोर
मला फक्त एक कळू द्या. समोरच्यानं "नको" म्हटलं की पुन्हा त्याच्याकडे जाता का?

कृष्णाकाठचा पाळक
नाही. मत्तय दहावा अध्याय: स्वीकारलं नाही तर पायाची धूळ झटका आणि पुढच्या गावी जा.

विश्रामबागची सिस्टर
ते गावोगाव फिरणाऱ्यांना सांगितलंय. माझी शेजारीण पलीकडच्या दारात. धूळ झटकून मी जाणार कुठं?

कृष्णाकाठचा पाळक
म्हणूनच म्हणतो, एकदा तरी सांगा. इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि तुमच्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट तिला माहीत नसेल तर तो शेजार कसला?

विश्रामबागची सिस्टर
माहीत आहे तिला. दर नाताळला मी करंज्यांचं ताट घेऊन जाते तेव्हा ती "आज काय विशेष?" म्हणून विचारतेच. उत्तर तिला पाठ आहे.